एकोणीस सेकंद

"गाडी बंद करा, मग पेट्रोल," पंपावरचा माणूस म्हणाला.

"तापलीय हो. आता बंद केली तर लवकर सुरू व्हायची नाही," धाकटा म्हणाला.

"मग पेट्रोल नाही."

धाकट्याने किल्ली फिरवली. गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. पेट्रोल भरून झालं आणि जे व्हायचं तेच झालं. किती वेळा किल्ली फिरवली तरी नुसती घरघर. शेवटी पंपावरच्या दोघांनी तिला ढकलत ढकलत हवा भरायच्या जागेच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत नेऊन लावलं.

"किती चाललीय?" एकाने घाम पुसत विचारलं.

"चार लाखांवर मीटर अडकला. पुढचं तिचं तिलाच ठाऊक."

माणूस हसला. धाकट्याला हसू आलं नाही. अजून दोनशे दहा किलोमीटर जायचं होतं. पहाटे वहिनीचा फोन आला होता. "डॉक्टर आजचाच दिवस म्हणतात. निघा भावजी." थोरला असेतोवर पोचायचं, एवढंच डोक्यात घेऊन तो निघाला होता. ही गाडी थोरल्यानेच चालती ठेवलेली. त्याचं गॅरेज होतं, तीन वेळा त्याने हिचं इंजिन उतरवलं आणि दर वेळी धाकट्याला बजावलं, "म्हातारीला पन्नासच्या वर पळवू नकोस. हळू चालव, कुठेही पोचवेल." आज पहाटेपासून धाकटा तिला ऐंशीने हाणत होता.

बॉनेट उघडून ठेवलं. आता अर्धा तास तरी हात बांधून बसायचं. त्याने फोन काढला आणि थोरल्याचा व्हॉइस मेसेज पुन्हा लावला.

मंगळवारी आलेला मेसेज. धाकटा तेव्हा प्रुफं तपासत होता, फोन दुसऱ्या खोलीत होता. "येतो रे," असा थोरल्याचा आवाज, आणि पुढे नुसता श्वास. सगळा मिळून एकोणीस सेकंद. फोन बंद करायचा विसरला बावळट, असं म्हणून धाकटा तेव्हा चक्क हसला होता. थोरल्याचं पोट बरेच दिवस बिघडलेलं होतं. इकडच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायला येत असेल. त्याने मागच्या खोलीतले कागदांचे गठ्ठे हलवले, पलंग झाडला, नवी उशी आणली. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी त्याचं डोकं फिरलं. याचं हे नेहमीचंच. येतो म्हणायचं आणि लोकांना ताटकळत ठेवायचं. आपणहून फोन करायचा नाही, असं ठरवून तो बसून राहिला.

फोन वाजला. वहिनी.

"कुठवर आलात?"

"पंपावर आहे. गाडी तापलीय. वहिनी, दादा मंगळवारी मला येतो म्हणाला होता. असल्या अवस्थेत निघाला कुठे होता तो?"

"त्या दिवशी ते सगळ्यांनाच म्हणत होते," वहिनी म्हणाली. "दूधवाल्याला म्हणाले. शेजारच्या बाईंना म्हणाले. मलाही म्हणाले. आमच्या तोंडून शब्दच फुटेना. काय बोलणार हो?"

धाकटा गाडीला टेकला. चाळीस वर्षं तो लोकांच्या चुका काढत आला होता. एक काना सुटला तरी त्याच्या डोळ्यांत खुपायचा. आणि घरातला रोजचा शब्द त्याने उलटा वाचला होता. निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्यातून थोरल्याची ती खोड. येतो म्हटल्यावर आतून कुणी "ये" म्हटल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा नाही. शाळेची घंटा झाली तरी दप्तर पाठीला लावून दारातच उभा. आईचे हात धुण्यात असायचे. तिथूनच ती ओरडायची, "ये रे बाबा, ये. म्हटलं ना ये? आता जा एकदाचा." की मग स्वारी निघायची.

मेसेजमध्ये तो फोन बंद करायला विसरला नव्हता. वाट बघत होता.

"कसा आहे?" धाकट्याने विचारलं.

"डोळे उघडत नाहीत. सकाळपासून नुसता श्वास ओढतायत. बघवत नाही हो." वहिनीचा आवाज चिरकला. "कानाशी फोन धरू? ऐकू येतं म्हणतात. थांबायला सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"धरा."

मंगळवारचाच श्वास, फक्त आता जड झालेला. "दादा," धाकटा म्हणाला. थांब, मी पोचतोच, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. दोनशे दहा किलोमीटर. ऐंशीने गेलं तर तीन तास. त्याला थोरल्याचा चेहरा बघायचा होता, त्याचा हात हातात घ्यायचा होता. पण तो श्वास ऐकवत नव्हता. दप्तर पाठीला लावून दारात कुणी किती वेळ उभं राहायचं?

"ये," धाकटा म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "ये, दादा."

वहिनीने फोन परत कानाला लावला. मग त्यानेच फोन ठेवला.

अर्ध्या तासाने गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. पंपावरचा माणूस लांबूनच हात करून म्हणाला, "आता दामटा. पुढे रस्ता मोकळा आहे."

धाकट्याने मान हलवली. त्याने फोन शेजारच्या सीटवर पालथा ठेवला. पहिल्या वळणाच्या आत तो वाजायला लागला, बराच वेळ वाजला आणि थांबला. धाकट्याने तो उचलला नाही. थोरल्याचं घर येईपर्यंत त्याने काटा पन्नासच्या वर जाऊ दिला नाही.