आर्डिथच्या बाजूचा पडदा

"आपली चूल पेटवायच्या आधी शेजारच्या धुराड्याकडे बघ, टुला. धूर दिसला नाही तर जा आणि दार ठोठाव. लाजू नकोस."

आईचा आवाज आणि तिने ठेवलेलं ते लाडाचं नाव अजून तसंच टुलाच्या कानात होतं. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या बर्फात शेजार म्हणजे लांबवर दिसणारा धूरच. इथे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात कडाक्याची थंडी नाही, मग धूर कुठला? पण थंडी चुकवायला दर हिवाळ्यात तिकडून इथे उतरणाऱ्या 'हिमपाखरं' मंडळाच्या म्हाताऱ्यांनी तोच नेम वेगळ्या रीतीने चालवला होता. सकाळी उठल्यावर प्रत्येकाने आपल्या घरगाडीतला आपल्या उशाकडचा पडदा वर करायचा. कॉफीच्या वेळेपर्यंत एखादा पडदा खालीच दिसला, तर शेजाऱ्याने जाऊन दार वाजवायचं.

समोरच्या गाडीत लेलंडच्या बाजूचा पडदा रोज वर जायचा. त्याच्या बायकोच्या, आर्डिथच्या बाजूचा खालीच असायचा.

आणि कोणीही दार वाजवत नव्हतं.

टुला सकाळच्या प्रार्थनेला बसली. डोळे मिटले तरी तो पडदाच दिसत राहिला. शेवटी कसंबसं आमेन म्हणून ती उठली.

"व्हर्ला, आजही उघडला नाही."

"बरं नसेल तिला," अंडी परतत व्हर्ला म्हणाली.

"काल म्हणालीस, बहिणीकडे गेलीय."

व्हर्लाचं उलथनं थबकलं. "असं म्हटलं मी? वय झालं गं माझं."

वय झालं म्हणे! मंडळातल्या सगळ्यांचे वाढदिवस हिला पाठ. व्हर्लाचा गुडघा दुखत होता म्हणून टुला सोबतीला तिच्या गाडीत राहायला आली होती. निदान व्हर्लाने तसं सांगितलं होतं. पण मघाशी पाण्याचा पाइप जोडायला हीच बाई चांगली उकिडवी बसली होती. टुलाने ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

दुपारच्या बैठकीला लेलंड घडीच्या दोन खुर्च्या मांडायचा. एकीवर स्वतः बसायचा, दुसरी रिकामी. टुला जवळून गेली की तो अर्धवट उठायचा.

"बस ना," असं तो एकदा म्हणाला आणि लगेच चाचरला, "बसा ना."

ओळख ना देख, आणि थेट एकेरीवर! बाहेरच्या बाईशी हा असा, तर घरात बायकोशी कसा वागत असेल?

रविवारी भजनं झाल्यावर सगळे एकत्र जेवायला बसले. लेलंडने लिंबाचा केक करून आणला होता. त्याने पहिला तुकडा टुलाच्याच ताटात वाढला.

"कडेचा दिलाय," तो म्हणाला. "करपलेली कड आवडते ना तुम्हाला?"

टुलाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. आवडत होती खरी, पण याला कोणी सांगितलं? म्हणजे हा पाळत ठेवून होता. आपल्याला संशय आलाय हे याने ओळखलं होतं, आणि आता तोंड गोड करून तोंड बंद करायला निघाला होता.

तिने ताट बाजूला सारलं आणि पत्ते पिसणाऱ्या ऑर्विलकडे वळली.

"ऑर्विल, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष ना? आर्डिथला शेवटचं कोणी पाहिलं?"

"अध्यक्ष कसला?" ऑर्विल म्हणाला. "सांडपाण्याच्या नळीवरून दोघं भांडले की मध्ये जाऊन शिव्या खायच्या, एवढाच माझा मान."

सगळे हसले. जरा जास्तच हसले. पण एकानेही वर पाहिलं नाही.

"मी उत्तर मागितलं, विनोद नाही."

ऑर्विलने पत्ते खाली ठेवले. "लेलंडलाच विचार तू... टुला."

म्हणजे सगळे सामील. एवढी देवाधर्माची माणसं, आणि एका बाईच्या जिवासाठी एकाची जीभ उचलत नव्हती. ती बाई त्या गाडीत होती की आणखी कुठे पुरलेली, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पडदा खालीच दिसला, तशी टुला उठली आणि सरळ जाऊन तिने दार ठोठावलं. लेलंडने उघडलं. त्याच्या खांद्यावरून तिला आतलं दिसलं. पलंगाची एकच बाजू विस्कटलेली होती.

"तुमची बायको कुठे आहे?"

लेलंडने चौकट धरली. "हरवली."

"हरवायला ती काय छत्री आहे? भांडलात?"

"भांडली असती तर बरं झालं असतं."

"हात उगारलात?"

"देवाशपथ, कधीच नाही. इकडे येताना गाडीत माझ्या शेजारीच होती. गाणी म्हणत होती. मग कधी गेली, कळलंच नाही."

"शोधत का नाही मग?"

"रोज शोधतो. डोळे उघडले की पहिलं तेच."

टुला खोटारड्याला गाठायला आली होती. पण खोटं बोलणारा माणूस असा उभा राहत नाही, असा डोळ्यात डोळे घालून. तिचा राग कुठल्या कुठे गेला. याला काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते बाकीच्यांना.

"सापडली तर काय सांगू तिला?" तिने हळू विचारलं.

"सांगा..." त्याने चौकट सोडली. "सांगा, मी वाट बघतोय. कितीही वेळ लागू दे."

"मी आणते तिला. वचन देते."

लेलंड काही बोलणार होता, पण मागून आलेल्या व्हर्लाने त्याच्या बाहीवर हात ठेवला.

टुलाने डोक्याला रुमाल बांधला आणि खडीच्या वाटेने निघाली. ओळखीच्या दारांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिथे सगळे पढवलेले. वाटेच्या टोकाला मात्र एक गाडी आत्ताच येऊन थांबली होती. कॅनडातल्या मॅनिटोबाची नंबरपाटी, काचांवर प्रवासाची धूळ. यांना अजून कोणी काही शिकवलेलं नसणार. इथेच खरं कळेल.

गाडीतून एक जाडजूड बाई पाठमोरी उतरत होती.

"माफ करा हं," टुला म्हणाली. "लेलंडची बायको तुम्हाला वाटेत कुठे दिसली का?"

बाई वळली, खो खो हसली आणि दोन्ही हात पसरून पुढे आली. "अगं आर्डिथ, थट्टेची खोड काही जात नाही तुझी! ये, आधी गळ्यात पड."