खालचा घोळ

"मागं घे," हौशीराम आबा म्हणाले. "त्या हिरव्या झग्यावालीला परत दाव."

माधवीनं रिमोट दाबला. मुंबईतल्या कुठल्याशा बक्षीस समारंभाच्या लाल गालिच्यावरून हिरव्या गाऊनमधली नटी पुन्हा चालत आली. चौथ्यांदा! वलवणच्या त्या दोन खोल्यांत दर रविवारी सकाळी हीच शिक्षा. आबा टीव्हीपासून हातभर अंतरावर बसणार, नट्यांच्या कपड्यांना नावं ठेवणार आणि लेकीनं मुकाट ऐकायचं.

"वर कापड न्हाई आन् खाली ह्ये एवढं. अंगण झाडायला बरं हाय! ह्येच शिकायला जायचंय व्हय तुला?"

"आबा, खांद्यावरचं काम तरी बघा. किती सुरेख आहे."

"खांदा काय बगायचा? खाली बग. कापडाची खरी परीक्षा घोळात."

माधवीनं ओठ चावला. उशीखाली मुंबईच्या फॅशन कोर्सचा फॉर्म होता. उद्या शेवटची तारीख, आणि पालकाच्या सहीची जागा कोरी. आईनं, विठाबाईंनी, तर आधीच हात झटकले होते. "तूच इचार, बाई. मला नको मधी घालूस."

विचारणार कसं? सहा वर्षांपूर्वी थोरली राजेश्वरी न सांगता मुंबईला निघून गेली, सिनेमावाल्यांचे कपडे शिवायला. त्याआधी घरात दिवसभर मशीन चालायचं. राजी ओठांत टाचण्या धरून शिवायची आणि आबा ओरडायचे, "गिळशील एखादी, मग पळवा दवाखान्यात!" ती गेली त्या दिवशी त्यांनी मशीन पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. मला एकच पोरगी, असं गावाला सांगू लागले.

त्या एकीच्या मग नशिबी आलं सगळं. तळेगावचं कॉलेज, पण साडेपाचच्या आत घरात. पुण्याची नोकरी नको. मैत्रिणीचं लग्न लांब, तेही नको. जीव नुसता गुदमरायचा तिचा.

"आता पुढं घे. हळू," आबा म्हणाले.

"नाही घेत!" माधवीनं फॉर्म काढून त्यांच्या मांडीवर टाकला. "ताईनं केलं त्याची शिक्षा मी किती वर्षं भोगू? सही करा, नाहीतर तसं तोंडावर सांगा. पण हे कपडे बघायला मला परत बसवू नका."

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली. आबांनी फॉर्मकडं पाहिलंसुद्धा नाही.

"थांबीव," ते एकदम म्हणाले. "हितंच. हलवू नगं!"

तिनं चिडून बटण दाबलं. नटी अर्धी पडद्याबाहेर गेली होती. मागं नुसता हिरवा घोळ पसरलेला, आणि तो सारखा करायला काळ्या कपड्यातली एक बाई उकिडवी बसलेली.

आबांनी चष्मा सदऱ्याला पुसला. खिशातलं पेन काढलं, फॉर्म गुडघ्यावर धरला आणि सावकाश सही केली. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर, त्या उकिडव्या बाईच्या तोंडाशी, बोट टेकवलं.

"मुंबईला गेलीस की हिला सांग," ते म्हणाले. "टाचण्या अजून तोंडातच धरतीया. गिळंल एखादी."