कोरडी बादली

आमच्या फेस शहरात गुरुवार हमामाचा, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात जाण्याचा. सासूबाईंचे केस धुऊन झाल्याशिवाय सुनांनी आपली बादली भरायची नाही, असा रिवाज होता. त्या गुरुवारी मी त्यांच्या केसांना माती चोळत होते आणि आठव्या महिन्यातली माझी धाकटी जाऊ झहोर बाजूच्या ओट्यावर बसली होती. ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, पायांवरून पाणी वाहतंय." "हमामात पाणी नाही तर काय मध वाहणार?" सासूबाई म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसल्या. झहोरने पाय आवळून घेतले. पहिल्या खेपेलाही तिने हेच सांगितलं होतं आणि बायका अशाच हसल्या होत्या. मग ताप चढला आणि मूल पोटातच गेलं. मी उठून तिची तांब्याची बादली सासूबाईंसमोर पालथी केली. एक थेंबही पडला नाही. त्यांचं हसू विरलं. "अगं, पाणमोट फुटली हिची! गाडी बोलवा." "आणि तुमचे केस?" "जळोत ते केस!" डोक्यातल्या मातीसकट त्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. जंतू अजून आत पोचले नाहीत." मुलगा झाला, अगदी मूठभर, पण रडला. तेव्हा सासूबाईंच्या केसांतली माती वाळून खांद्यावर गळत होती. पुढे घरात कुणी गरोदर असली, की त्या तिला हमामात आधी कोरड्या ओट्यावर बसवत आणि ओटा ओला होतोय का, ते स्वतः वाकून बघत. बायका फिदीफिदी करू लागल्या, की म्हणत, "हसायचं मागाहून."