तळघरानंतरची मोजणी

या मंडळी, जवळ सरकून बसा, एवढीशी गोष्ट सांगतो. मैत्री मंडळाची बावीस माणसं दूरदेशी सहलीला गेली होती. बस सुटण्याआधी मंडळाचे मास्तर प्रत्येकाला आपापला आकडा म्हणायला लावत. शेवटचा बावीस मावशींचा, कारण गुडघ्यांपायी त्या कायम सगळ्यांच्या मागे. त्या दुपारी मंडळींनी एका प्रार्थनाघराखालचं तळघर पाहिलं. तिथं भिंतीभर बेवारस मृतांची हाडं रचलेली होती. बसमध्ये "एकवीस" झालं, मागून "बावीस" आलं आणि बस निघाली. अर्ध्या तासानं मास्तरांचा फोन वाजला.

"अहो मास्तर, मला या हाडांपाशी कोंडून कुठं निघालात?" मावशी रडकुंडीला आल्या होत्या. "जळलं मेलं तुमचं ते मोजणं!"

बस तशीच माघारी पळाली. मावशी सुखरूप जागेवर बसल्यावर मास्तरांनी पुन्हा मोजणी घेतली.

"बावीस!" मावशींनी ठणकावून सांगितलं.

मग अगदी मागच्या रिकाम्या सीटवरून कुणीतरी अदबीनं म्हणालं, "तेवीस."

मास्तरांनी वळून पाहिलं नाही. घसा खाकरून ते ड्रायव्हरला म्हणाले, "चला, सगळे आले."

मंडळी, आज हात जोडाल तेव्हा, ज्याला मोजणारं कुणी उरलं नव्हतं, त्याचीही आठवण ठेवा.