अंगावरची हळद

"वाटीत काय आहे, काका?"

"हळद," मेजोकाका म्हणाले. "पुतण्याला लावून उरलेली. आज लग्न आहे त्याचं."

अर्धेंदू समाद्दार हे तीन भावांतले मधले, म्हणून अख्ख्या घराचे मेजोकाका. कोलकात्याच्या विमानतळावर, तपासणीच्या रांगेत, रेशमी कुर्ता-धोतर घालून ते झाकणाची पितळी वाटी छातीशी धरून उभे होते. समोरच्या पोलीस मुलीने झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. तिच्या खिशावर नाव होतं, शेफाली महातो.

"मोहरीचं तेल आहे यात. तेल आत जात नाही. थेंबभरसुद्धा नाही."

"अगं पोरी, तेलाशिवाय हळद कालवतात का कुठे?"

"म्हणून तर ती मोठ्या सामानात द्यायची असते."

मोठ्या सामानात काकांनी मासा दिला होता. लाल साडी नेसवलेला, नाकात नथ घातलेला भला थोरला रोहू, वराकडून वधूकडे जाणारा शकुनाचा मासा. तो काउंटरवर देताना त्यांना काही वाटलं नाही. पण हळद हातातून सोडू नकोस, असं थोरल्या भावाने बजावलं होतं आणि काकांनी ते अक्षरशः पाळलं होतं. आता काउंटर बंद झाला होता.

तिकडे सिलिगुडीला नवरी मुलगी, मोहर, उपाशी बसलेली. नवऱ्याची उष्टी हळद पोचल्याशिवाय तिला हळद लागणार नाही, आणि हळद लागल्याशिवाय पुढचं पान हलणार नाही. नवरा दीप्तार्क स्वतः दुपारच्या विमानाने येणार होता, पण तोवर थांबायला मुहूर्त तयार नव्हता. ट्रेन असती तर काका वाटी मांडीवर ठेवून सुखाने पोचले असते. फार तर शेजाऱ्याने झाकण उघडून पाहिलं असतं. पण हळद लग्नाच्या सकाळचीच लागते आणि ट्रेनला लागते अख्खी रात्र.

"पुढे सरका की," मागून एक गृहस्थ कुरकुरले. "एका वाटीपायी आमचं विमान चुकवणार का?"

साऱ्या घराने काकांना विश्वासाने एक काम सांगितलं होतं आणि तेही त्यांच्या हातून निसटत होतं. "पोरी, काहीतरी कर," ते म्हणाले.

शेफाली वाटीकडे बघत राहिली. "माझ्या लग्नात हळद उशिरा आली होती," ती म्हणाली. "सासरच्यांची गाडी अडकली. दुपारपर्यंत पाटावर बसले होते मी, आणि घरचे सगळे माझ्याकडेच बघत होते." मग तिने आवाज खाली आणला. "वाटी आत जाणार नाही, काका. पण अंगाला तेल लावून आलेल्या माणसाला अडव, असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

काकांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तसं त्यांनी बाह्या वर केल्या आणि वाटीत बोटं घातली.

"अहो, स्वतःची हळद स्वतःच लावून घेतात का कुणी?" मागच्या बाईंनी शंखाच्या बांगड्या वर सारत वाटी काढून घेतली. "घरी बायको रागावणार नाही ना?"

"बायको नाही. लग्न केलंच नाही मी."

बाईंचा हात क्षणभर थांबला. "या वयापर्यंत अंगाला हळद नाही?" त्या म्हणाल्या. "अगं, या गं दोघीतिघी."

दोघीतिघी आल्या. कपाळ, गाल, मान, कोपरापर्यंत हात, असं त्यांनी काकांना यथासांग माखलं. कुणीतरी उलुध्वनी सुरू केला, आणि जिभा हलवत बायकांनी तो मंगल घोष असा काही लावून धरला की पलीकडच्या रांगेतल्या बायकाही सामील झाल्या. मघाच्या कुरकुऱ्या गृहस्थांनी काकांची बॅग उचलली. काका लाजून लाल झाले होते, पण हळदीखाली ते कुणाला दिसलं नाही.

विमान सुटायच्या आधी बराच वेळ थांबून राहिलं; का, हे नेहमीप्रमाणे कुणी सांगितलं नाही. काका सीटला पाठ न टेकता, हात अधांतरी धरून बसले. नाकाला खाज सुटली तरी त्यांनी खाजवलं नाही. हवाईसुंदरीने ओला रुमाल पुढे केला तेव्हा ते असे दचकले की तिने माफी मागितली. मुलीकडची माणसं ही हळद मानतील का, एवढा एकच घोर त्यांना लागला होता.

सिलिगुडीच्या अंगणात मोहर पाटावर बसली होती. तिच्या आजीने काकांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"वाटी कुठाय?"

"वाटी कोलकात्याला राहिली." काकांनी दोन्ही हात पुढे केले. "हळद दीप्तार्कच्याच अंगची आहे, आजी. आज वाटी म्हणजे मीच."

आजीने चष्मा नीट केला आणि काकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग ती खांदे हलवत हसायला लागली आणि तिला हसू आवरेना.

"नवऱ्याची आहे ना? मग बघत काय बसलात, मुहूर्त चाललाय," ती म्हणाली. काकांच्या हातावरून तिने दोन बोटं ओढली आणि ती मोहरच्या गालाला लावली. मग सगळ्या बायका काकांवर तुटून पडल्या. काका वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे हात पसरून उभे राहिले, आणि इतकं हसत होते की मोहरलाही हसू फुटलं.

हळद लागली, मोहर आंघोळीला गेली. तिची मावशी साबण आणि गमछा घेऊन काकांकडे आली.

"मागे गरम पाणी काढलंय, मेजोकाका. लगेच धुऊन टाका, नाहीतर आठवडाभर रंग जायचा नाही."

"आठवडाभर?"

"नक्की."

काकांनी साबण तिच्या हातात परत दिला आणि ते अंगणात जाऊन उन्हात बसले.