झऱ्यावरची झाडं

"खिळे ठोकलेत मी. झऱ्यावरच्या एकूण एक झाडात. करवत लावलीत तर पातं तुटेल, आणि तुटलेलं पातं कुणाला ओळखत नाही!"

सुतारानं हातोडी मालकाच्या टेबलावर आपटली. काचेला तडा गेला, चहा कागदांवर सांडला. सॉ मिलचा मालक हसला.

"जन्मभर लाकडावर पोट भरलंस. आता झाडांचा कैवार?"

"लाकूड मीही कापलं. पाण्याच्या उशाचं नाही कापलं."

सुतार तरातरा बाहेर पडला. आवारात ओंडके उतरवत असलेल्या मुलानं मान वर केली. बापानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्षभर दोघांत अबोला होता. मुलगा मिलमध्ये कामाला लागला, त्या दिवशी बापानं भर चौकात त्याला सुनावलं होतं, "पाण्याचा गळा कापून आणलेला घास माझ्या घरात शिजणार नाही." मुलानं बायकोला घेऊन वेगळी खोली केली.

डोंगराची एक बाजू तोवर बोडकी झाली होती. झरा करंगळीएवढा उरला होता. एकेका हंड्यापायी बायका एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या. वस्तीनं अर्ज केले. साहेब आले, मिलमध्ये चहा प्यायले, सगळं कायदेशीर आहे म्हणून निघून गेले. त्याच दिवशी सुताराचं डोकं फिरलं आणि त्यानं झऱ्यावरच्या झाडांत वीतभर लांबीचे खिळे ठोकले. त्यांची डोकी सालीखाली पुरली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं मालकाला सांगायला गेला. कुणाचा जीव घ्यायचा नव्हता त्याला. झाडं वाचवायची होती.

तरीही झाडं पडली. पोलीस बंदोबस्तात पडली.

सुतार अंगणात दाराची चौकट तासत होता. मिलमधला करवतीवरचा मिस्त्री धापा टाकत आला.

"काका, पातं तुटलं."

"तुटणारच. बजावलं होतं."

"मी नाही म्हणालो, मला लेकरंबाळं आहेत. मग..." मिस्त्रीनं चौकटीकडे नजर वळवली. "मग तुमचा मुलगा उभा राहिला."

दवाखान्यात मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजवा पंजा गेला होता. मनगटावर बँडेजचा बोळा. सून पायाशी बसली होती, तिनं सासऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मालक आधीच येऊन उभा होता, सोबत हवालदार.

"हाच तो," मालक म्हणाला. "पोटच्या पोराचा हात तोडणारा बाप. घ्या ताब्यात."

सुतारानं त्याची गचांडी धरली. म्हाताऱ्याच्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मालक भिंतीवर आदळला.

"तुला तोंडावर सांगितलं होतं मी! हरामखोरा, त्याच्यापासून लपवलंस? माझ्या पोराला न सांगता करवतीवर उभं केलंस?"

हवालदार मध्ये पडला. सून रडायला लागली. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"लपवलं नाही त्यांनी."

सुताराची पकड सुटली.

"मालकांनी सांगितलं होतं, तुझा बाप खिळे ठोकलेत म्हणतोय. म्हणाले, म्हातारा थापा मारतो, चालव तू. मिस्त्रीनंही मला हाताला धरून मागे ओढलं होतं."

सुतार खाटेजवळ आला. वर्षभरात पहिल्यांदाच तो मुलाशी बोलला.

"मग का चालवलीस रे?"

मुलानं भिंतीकडचं तोंड वळवलं. त्याचे डोळे कोरडे होते.

"एकदा, बाबा. एकदा तरी तुम्ही खोटे ठरावं म्हणून."