आधी अक्षरं, मग रेघ

ढमालेबाईंनी व्यवस्थापकांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि ‘बदक’ लिहून दाखवलं. हाताने आधी वरची रेघ ओढली, मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं.

“बघितलंत, भागवत? अठ्ठावीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवतेय, आधी अक्षरं, मग रेघ. आता तीच पोरं फळ्याकडे बघून हसतात मला!”

भागवत हे चिनी भाषा शिकवणाऱ्या एका क्लासचे व्यवस्थापक होते. ते शांतपणे म्हणाले, “बाई, उजव्या मनगटात ती हाताला लिहायला लावणारी पट्टी तुम्हीच आमच्याकडून बसवून घेतलीत. तुम्हाला चीनमध्ये चेंगदूला राहणाऱ्या नातीला चिनीत पत्र लिहायचं होतं, ते आठ दिवसांत लिहिलंत. चिनी अक्षरात वरची आडवी रेघ बहुतेकदा आधी येते. तोच क्रम हातात पक्का बसलाय.”

“मग चिनी लिहिताना बसू दे की! माझ्या मराठीत कशाला लुडबुड?”

“पट्टीला भाषा कळत नाही. तिला फक्त बरोबर क्रम कळतो.”

“म्हणजे मी इतकी वर्षं चूक शिकवलं?” बाईंचा आवाज चढला. “काढा ती पट्टी. आत्ता!”

“ती निघत नाही, बाई. तक्रार लेखी द्या, वर पाठवतो.”

बाईंनी पेन डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताने कागद दाबून धरला. पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी दोन ओळींची तक्रार लिहायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. भागवतांनी कागदाकडे हात नेला.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “रेघ राहिलीय.”

आणि त्यांनी ती इतक्या जोरात ओढली, की कागद फाटला.